फोर्कलिफ्टचे टायर आणि चाकं निवडताना: आधी जमीन, मग वजन, मग कॅटलॉग

फोर्कलिफ्टच्या खाली एकदा वाकून बघा. मालट्रकला असतात तसे पाटे, स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर तिथे सहसा सापडणार नाहीत. पुढचा अ‍ॅक्सल चासीला घट्ट आवळलेला असतो. मागचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डावी-उजवीकडे थोडा झुलतो, तेवढीच काय ती सवलत. म्हणजे जमिनीतला खड्डा आणि ऑपरेटरचा मणका यांच्यामध्ये खरं काम करणारी गोष्ट एकच, टायरचं रबर. मास्ट, म्हणजे माल वर नेणारा पुढचा उभा सांगाडा, वर गेल्यावर गाडी किती डुलणार हेही बरंचसं त्याच रबरावर ठरतं.

तरीही टायर बदलायची वेळ आली की जुन्या टायरवरचा आकडा वाचून तोच मागवला जातो, किंवा त्या आकड्यात जो स्वस्त मिळेल तो. मी फोर्कलिफ्टच्या देखभालीचं काम करतो आणि या सवयीचे परिणाम जवळून बघितले आहेत. एका गोदामात उंच रॅकवर पॅलेट ठेवताना ते सतत उजवीकडच्या खांबाला घासायचं. "साहेब, मास्ट वाकलाय," ऑपरेटर ठामपणे सांगत होता. मास्ट उतरवायची तयारी सुरू झाली होती. त्याआधी मी पुढच्या दोन्ही टायरना टेप गुंडाळून घेर मोजला. डाव्याचा घेर उजव्यापेक्षा 60 मिलिमीटर जास्त भरला. घेराला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो. म्हणजे व्यासात 19 आणि त्रिज्येत साडेनऊ मिलिमीटरचा फरक. दोन चाकांमध्ये 1 मीटर अंतर धरलं तर दर मीटरला साडेनऊ मिलिमीटर कल, आणि 4 मीटर उंचीवर तोच कल 38 मिलिमीटर. मास्ट ठणठणीत होता. काही महिन्यांपूर्वी डावा टायर फाटला म्हणून तेवढा एकच नवा टाकला होता आणि उजवा झिजलेला तसाच ठेवला होता. एका अ‍ॅक्सलवरचे टायर जोडीने बदलायचे हा नियम कशासाठी आहे, ते त्या 38 मिलिमीटरमध्ये दिसतं.

पहिली पायरी: गाडीच्या वाटेवर पायी फिरा

हातात वही घ्या आणि गाडी दिवसभर जिथे जिथे जाते तिथे चालत जा. ऑफिसात बसून "आमची गाडी आतच चालते" असं सांगणारे बरेच जण भेटतात. प्रत्यक्षात तीच गाडी दिवसातून पाच-सहा वेळा अंगणात जाऊन ट्रक उतरवून येते, आणि टायर फाटतो तो त्या पाच-सहा फेऱ्यांत.

बघायचं काय? जमीन काँक्रीटची आहे, डांबराची, फरसबंदी की कच्ची. काँक्रीटमधले सांधे भरलेले आहेत की कडा तुटून खाच पडली आहे. उतार किती आहेत, आणि ते ओले होतात का. डॉकच्या, म्हणजे ट्रक लावून माल चढवायच्या धक्क्याच्या, लोखंडी पट्टीची कड वर आली आहे का. जमिनीवर काय सांडतं: पाणी, तेल, लेथचा कीस, खिळे, काच, पॅकिंगची स्ट्रॅपिंग पट्टी. ही पट्टी विशेष त्रासदायक, कारण ती टायरला फक्त कापत नाही, चाकाच्या आत गुंडाळून बेअरिंगचं सीलही खाते. एपॉक्सीचा थर असेल तर काळे डाग चालणार आहेत का, तेही विचारून घ्या. शीतगृह असेल तर तापमान लिहा.

आणि एक गोष्ट जी बहुतेक जण मोजतच नाहीत: गाडी एका दमात किती लांब पळते, आणि तासाला अशा किती फेऱ्या होतात. 30 मीटरच्या फेऱ्या मारणारी गाडी आणि 400 मीटर सलग धावणारी गाडी, दोन्हींची क्षमता सारखी असली तरी त्यांच्या टायरचं आयुष्य सारखं नसतं. रबर उष्णतेचं वाईट वाहक आहे. टायर वजनाखाली दबतो, पुढे फिरला की सुटतो, पुन्हा दबतो. प्रत्येक दाबात थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच अडकते. सॉलिड, म्हणजे आत हवेऐवजी भरीव रबर असलेल्या टायरला ती बाहेर टाकायला वाटच नसते. बाहेरून हात लावला तर कोमट लागतो, पण गाभ्यात रबर मऊ पडत असतं. ते फारच तापलं तर आतलं रबर विरघळून बाजूने फुटून बाहेर येतं. म्हणून टायर कंपन्यांच्या तक्त्यांत वजनासोबत वेगही लिहिलेला असतो, जसं 10 किंवा 25 किलोमीटर प्रतितास. वेग वाढला की त्याच टायरला मान्य असलेलं वजन कमी होतं.

दुसरी पायरी: जुना टायर भंगारात टाकण्याआधी वाचा

तुमच्या जागेचा सगळ्यात खरा अहवाल जुन्या टायरवर लिहिलेला असतो. तो काढला की धुवा आणि उजेडात ठेवा.

रबराचे ओंजळभर लचके निघाले असतील, तर टायर धारदार वस्तूंवरून किंवा खाचांच्या कडांवरून जात होता, किंवा वजन आणि उष्णता त्याच्या ताकदीबाहेर होती. एकाच जागी सपाट चकती घासल्यासारखी दिसली तर जोरात ब्रेक मारून चाक घसरवलं गेलं आहे, किंवा पीयू (पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचं) चाक असेल तर भार घेऊन गाडी दिवसेंदिवस एका जागी उभी होती. एक कड जास्त झिजलेली असेल तर स्टिअरिंगचे सांधे आणि किंगपिनचा (ज्यावर चाक वळतं त्या पिनचा) खेळ तपासा. नवा टायर टाकून ते दुखणं बरं होणार नाही. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा म्हणजे ऊन, ओझोन किंवा वय. रबर आणि त्याच्या आतला लोखंडी पट्टा यांच्या जोडात फट दिसली तर उष्णता किंवा जास्त वजन. रबर फुगून मऊ, चिकट झालं असेल तर त्यावर तेल किंवा रसायन सांडत आलं आहे.

मागचे टायर पुढच्यांच्या आधी झिजताना दिसले तर लगेच टायरच्या दर्जाला दोष देऊ नका. काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या मालाला मागच्या वजनाने तोलणारी नेहमीची गाडी, मागच्या चाकांवर वळते आणि बरेच ऑपरेटर गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवतात. त्या वेळी मागचा टायर जमिनीवर खोडरबरासारखा घासला जातो. गाडी किंचित हलू देऊन मग वळवायची सवय लावली तर मागच्या टायरचं आयुष्य वाढतं, त्यासाठी एक पैसा लागत नाही.

तिसरी पायरी: प्रत्येक चाकावरचं वजन काढा

"आमची गाडी अडीच टनी आहे" एवढ्यावरून टायर ठरत नाही. अडीच टन हे उचलायचं वजन. गाडीचं स्वतःचं वजन सहसा त्याहून जास्तच असतं, कारण मागचा भारी लोखंडी काउंटरवेट पुढच्या मालाला तोलून धरतो.

उदाहरणाला एक गाडी घेऊ. क्षमता 2,500 किलो, स्वतःचं वजन 3,700 किलो. रिकामी असताना पुढच्या अ‍ॅक्सलवर 1,500 आणि मागच्यावर 2,200 किलो. पूर्ण माल उचलला की एकूण 6,200 किलो, पण वाटणी पार उलटी होते: पुढे सुमारे 5,500 आणि मागे जेमतेम 700. म्हणजे पुढच्या प्रत्येक टायरवर 2,750 किलो आणि मागच्या प्रत्येक टायरवर जास्तीत जास्त 1,100 किलो, तेही गाडी रिकामी असताना. पुढच्या टायरला माल उचलल्यावर सगळ्यात जास्त कष्ट, मागच्याला रिकाम्या फेरीत.

हे आकडे तुमच्या गाडीच्या तांत्रिक पत्रकात छापलेले असतात. माल भरलेला आणि रिकामा अशा दोन ओळी शोधा, प्रत्येक ओळीत पुढचं आणि मागचं वजन दिलेलं असतं. मग टायरच्या तक्त्यात जा. तिथे एकाच मापाच्या टायरला दोन वेगळी वजनं दिसतील, भाराच्या चाकासाठी जास्त आणि स्टिअरिंगच्या चाकासाठी कमी. पुढच्यासाठी पहिला रकाना बघा, मागच्यासाठी दुसरा. काठोकाठ जुळणारा टायर घेऊ नका. ब्रेक मारला, मास्ट पुढे झुकवला, किंवा एक चाक खाचेत गेलं की एका टायरवर क्षणभर बरंच जास्त वजन येतं. ड्रम पकडायचा क्लॅम्प किंवा फिरता फोर्क (माल उचलणारे दांडे) बसवलेला असेल तर त्याचं वजनही पुढेच येतं, ते मिळवायला विसरू नका.

चौथी पायरी: टायरचा प्रकार

आता कुठे कॅटलॉग उघडायचा. पण एक अट सगळ्यांच्या आधी लागू होते: गाडीची बनावट. प्रेस-ऑन टायरच्या गाड्या जमिनीला लागून असतात, त्यांच्या हबवर हवेचा टायर बसत नाही. उलटही तेच. त्यामुळे खरी निवड गाडी विकत घेतानाच अर्धी झालेली असते, आणि नवी गाडी घेणाऱ्यांनी हे पान त्या आधी वाचायला हवं.

प्रेस-ऑन टायर म्हणजे लोखंडी पट्ट्यावर पक्कं चिकटवलेलं घट्ट रबर. हायड्रॉलिक प्रेसने तो सरळ हबवर दाबून बसवतात. गाडी बुटकी राहते, कमी जागेत वळते, पंक्चरचा प्रश्नच नाही. गुळगुळीत, कोरड्या, आतल्या जमिनीवर याच्यासारखा दुसरा नाही. पण रबराचा थर जाड नसल्याने धक्का थेट वर जातो आणि पोट जमिनीजवळ असल्याने कच्च्या अंगणात गाडी अडकते. अशी गाडी रोज बाहेर काढावी लागत असेल तर टायर बदलून उपयोग नाही, कामासाठी वेगळी गाडी लागते.

हवेचा टायर धक्का सगळ्यात चांगला खातो. खडी, माती, खड्डे, लाकडाची वखार, बांधकामाची जागा इथे तोच योग्य. औद्योगिक टायरमध्ये हवेचा दाब मोटारीच्या कितीतरी पट असतो, साधारण 7 ते 10 बार. दाब थोडा जरी कमी राहिला तरी टायर जास्त दबतो, तापतो, आणि माल वर असताना गाडी त्या बाजूला कलते. म्हणून हवेचे टायर ठेवायचे तर दाब तपासण्याची शिस्त हवी, रोज, पाळी सुरू होण्याआधी, टायर थंड असताना. ती शिस्त तुमच्याकडे टिकणार नसेल तर प्रामाणिकपणे तसं मान्य करून सॉलिडकडे वळा.

सॉलिड टायर हवेच्या टायरच्याच रिमवर बसतो आणि दिसायलाही तसाच, पण आत भरीव रबर. चांगल्या सॉलिड टायरमध्ये तीन थर असतात. रिमला घट्ट धरून ठेवणारा कडक तळ, त्यात तारांचे कडे. मधे धक्का खाणारा लवचीक थर. आणि वर झीज सोसणारा. स्वस्त टायरमध्ये मधला लवचीक थर गाळून दोनच थर असू शकतात, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. विक्रेत्याला कापलेला नमुना दाखवायला सांगा. खिळे, कीस, काच असलेल्या जागी सॉलिडच हवा. मात्र लांब पल्ल्याच्या वेगवान फेऱ्या असतील तर मघाचा उष्णतेचा मुद्दा आठवा. तिथे चांगला हवेचा टायर, शक्यतो रेडियल, जास्त टिकतो.

हवेच्या टायरमध्ये फोम भरून घेण्याचा मधला मार्गही आहे. पंक्चर बंद होतं, पण वजन वाढतं, आणि टायर झिजला की आतला फोमही त्याच्यासोबत जातो. फारच वाईट जमिनीवर, कमी वेगाच्या कामाला ठीक.

एक इशारा. एकाच अ‍ॅक्सलवर एक हवेचा आणि एक सॉलिड कधीही ठेवू नका. दोन्ही वजनाखाली वेगवेगळे दबतात आणि गाडी कायम एका बाजूला झुकलेली राहते. पुढे एक प्रकार आणि मागे दुसरा, हेही गाडीच्या उत्पादकाने मान्य केलं असेल तरच. क्षमतेच्या पाटीवरचे आकडे ठरावीक टायरवर गाडीची स्थिरता बघून ठरलेले असतात.

लहान चाकं: पीयू आणि नायलॉन

रीच ट्रक, स्टॅकर, पॅलेट ट्रक या गोदामातल्या लहान चाकांच्या गाड्यांची दुनिया निराळी. इथे रबर कमी आणि पॉलियुरेथेन, म्हणजे ज्याला सगळे पीयू म्हणतात, ते जास्त. पीयू तेवढ्याच आकारात रबरापेक्षा बरंच जास्त वजन पेलतं, तेलाला दाद देत नाही आणि हलकं फिरतं, त्यामुळे बॅटरी जास्त वेळ पुरते. म्हणूनच रॅकखाली जाणारं एवढंसं चाक एवढा भार घेऊ शकतं.

त्याचे शत्रू तीन. पहिला उष्णता. एक हिशोब करून बघा: पॅलेट ट्रकच्या फोर्कखालचं 82 मिलिमीटर व्यासाचं रोलर 100 मीटर जायला सुमारे 388 वेळा फिरतं. रीच ट्रकचं 343 मिलिमीटरचं ड्राइव्ह चाक तेवढ्याच अंतरात 93 वेळा. प्रत्येक फेऱ्यात दबणं आणि सुटणं आलंच. लहान चाकाला थंड व्हायला उसंत मिळत नाही. पीयू तापलं की आतल्या लोखंडी गाभ्यापासून सुटतं. टवका हाताने सोलता येतो, सालासारखा. बसून चालवायच्या वेगवान पॅलेट ट्रकला हाताने ओढायच्या ट्रकची चाकं बसवली की काही आठवड्यांत हे बघायला मिळतं. दुसरा शत्रू कीस आणि खडे. पीयू सहज फाटत नाही, पण कण त्यात रुततो, मग जमिनीवर ओरखडे उठतात. तिसरा शत्रू गरम ओलावा. पॉलिएस्टर जातीचं पीयू गरम पाण्यात आणि वाफेत हळूहळू विघटित होतं. जिथे रोज जमीन गरम पाण्याने धुतात तिथे पॉलिईथर जातीचं मागा. विक्रेत्याला हा फरक माहीत नसेल तर दुसरा विक्रेता शोधा.

कडकपणा शोर ए या मापात लिहितात. या चाकांत 80 ते 95 दरम्यानचे आकडे दिसतात. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक, हलकं फिरणारं, पण ओल्या जमिनीवर जास्त घसरणारं. ड्राइव्ह चाकाला पकड लागते, म्हणून ते थोडं मऊ किंवा खाचा पाडलेलं घेतात. भाराच्या चाकाला पकडीची गरज नाही, ते कडक चालतं. एकाच गाडीत दोन कडकपणाची चाकं असणं चूक नाही, मुद्दाम केलेलं असतं. बदलताना दोन्ही एकाच भावात, एकाच मिश्रणाची घेऊन टाकली की ओल्या उतारावर ड्राइव्ह चाक जागच्या जागी फिरू लागतं.

हँड पॅलेट ट्रकसाठी नायलॉन, पीयू की रबर? ढकलायला नायलॉन सगळ्यात हलकं, आणि पाण्यारसायनाला टिकाऊ. पण ते खडखडतं आणि फरशी, टाइल, एपॉक्सी यांच्यावर निर्दय आहे. पीयू शांत आणि जमिनीला सांभाळून घेणारं, म्हणून बहुतेक गोदामांना मी तेच सुचवतो. पुढच्या रोलरच्या बाबतीत आणखी एक निवड असते, प्रत्येक फोर्कखाली एक की दोन. सांध्यांवरून, डॉकच्या पट्टीवरून, लिफ्टच्या उंबऱ्यावरून जायचं असेल तर दोन रोलरची जोडी घ्या. एक रोलर खाचेत उतरला तरी दुसरा भार धरून असतो. ज्या माणसाला दिवसभर तो ट्रक ओढायचा आहे त्याच्या खांद्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

पाचवी पायरी: मापं वाचणं

तीन पद्धती आहेत. 7.00-12 असं लिहिलं असेल तर 7 इंच रुंदी आणि 12 इंच रिमचा व्यास. 28x9-15 म्हणजे बाहेरचा व्यास 28 इंच, रुंदी 9, रिम 15. आणि प्रेस-ऑनवर 21x7x15 म्हणजे बाहेरचा व्यास 21, रुंदी 7, आतला व्यास 15. अडीच टनी गाडीला पुढे 7.00-12 आणि मागे 6.00-9, तीन टनीला पुढे 28x9-15 आणि मागे 6.50-10 ही नेहमी दिसणारी जोडी, पण नेहमी दिसते म्हणून तुमचीही तीच असेल असं धरू नका.

सॉलिड मागवताना रिमची रुंदीही सांगा. एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या रुंदीच्या रिमसाठी बनतो. रुंदी रिमवर कोरलेली असते. शिवाय रिम एकसंध आहे, दोन अर्धे बोल्टने जोडलेली आहे, की कडेला लॉक रिंग (टायर निसटू न देणारं सुटं कडं) आहे, तेही बघा. काही सॉलिड टायरना बाजूला उचललेली कड असते आणि ते लॉक रिंगशिवाय खास रिममध्ये अडकून बसतात. ते दुसऱ्या रिमवर टिकणार नाहीत. हवेच्या टायरवर पीआर पुढचा आकडा असतो, तो टायरची भार पेलण्याची ताकद दाखवतो. जुन्यापेक्षा कमी पीआरचा टायर घेऊ नका.

माप जुळत नाही म्हणून "जवळचं" मोठं माप टाकण्याचा मोह टाळा. व्यास बदलला की वेग, चढण्याची ताकद, ब्रेक, मास्टची उंची आणि झुकाव सगळंच बदलतं.

नक्षी आणि रंग

आतल्या कोरड्या जमिनीवर गुळगुळीत टायर चालतो आणि जास्त टिकतो. पाणी किंवा माती असेल तर नक्षी हवी. यात फार डोकं खपवू नका.

नॉन-मार्किंगचं तसं नाही. टायर काळा दिसतो तो कार्बन ब्लॅकमुळे, आणि तोच कार्बन रबराला झीज सोसायची ताकद देतो. डाग पडू नयेत म्हणून तो काढून त्याजागी सिलिका वगैरे घालतात, तेव्हा टायर पांढरट किंवा राखाडी होतो. असा टायर साधारणपणे लवकर झिजतो. दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट: कार्बन गेल्याने वीजही वाहत नाही. गाडीवर साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही, लोखंडाला हात लावला की झटका बसतो. ज्वालाग्राही वाफा किंवा धूळ असलेल्या जागी हाच झटका ठिणगी ठरू शकतो. तिथे वीज वाहून नेणारे खास टायर घ्या. इतर ठिकाणी चासीपासून जमिनीला टेकणारी पट्टी लावतात, पण ती रोज टेकते आहे ना हे कोणीतरी बघायला हवं.

सहावी पायरी: किंमत तासावर काढा

समजा एक टायर 100 रुपयांचा आणि 1,500 तास चालला. दुसरा 140 चा आणि 2,500 तास. पहिल्याचा खर्च तासाला 6.7 पैसे, दुसऱ्याचा 5.6. शिवाय पहिल्यासाठी गाडी जास्त वेळा थांबली. हे आकडे फक्त समजावण्यासाठी आहेत, तुमचे तुम्हाला काढावे लागतील, आणि त्यासाठी टायर बसवला त्या दिवशीचं तासाचं मीटर लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. दोन टायरमध्ये शंका असेल तर एकाच कामाच्या दोन गाड्यांवर एकेक जोडी लावून बघा. सहा महिन्यांनी तुमच्याकडे कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा चांगली माहिती असेल.

बदलायचा कधी

सॉलिड टायरच्या बाजूवर बऱ्याचदा 60J असं लिहिलेली एक रेषा असते. झीज तिथवर आली की टायर उतरवायचा, मग बाकीचं रबर कितीही चांगलं दिसो. प्रेस-ऑनसाठी कामाचा नियम असा की रबराचा एक तृतीयांश थर गेला की बदला. 21x7x15 मध्ये बाहेर आणि आतल्या व्यासात 6 इंचांचा फरक, म्हणजे थर 3 इंचांचा. 1 इंच झिजला की बाहेरचा व्यास 19 वर येतो. टेपने मोजायचं तर नव्याचा घेर सुमारे 1,676 मिलिमीटर, आणि 1,516 च्या खाली गेला की उतरवा. हे दोन आकडे रंगाने गाडीवरच लिहून ठेवा. तार दिसली, लोखंडी पट्ट्यापासून रबर सुटलं, किंवा लचक्यांमुळे गाडी धडधडत चालू लागली तर मात्र मोजायची वाट बघू नका.

बसवताना

हा भाग सावकाश वाचा. दोन अर्ध्यांची बोल्टने जोडलेली रिम असते तेव्हा चाकावर दोन प्रकारचे नट दिसतात. काही चाकाला हबशी धरतात, काही रिमचे दोन अर्धे एकमेकांना. टायरमध्ये 8 बार हवा असताना घाईत दुसरे नट सैल केले तर रिमचे अर्धे गोळीसारखे सुटतात. यात माणसं दगावली आहेत. म्हणून क्रम कधीही बदलायचा नाही: गाडी जॅकवर घेऊन खाली भक्कम आधार द्या, व्हॉल्व्हचा गाभा काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, व्हॉल्व्हमधून तार आत घालून वाट मोकळी आहे याची खात्री करा, आणि मगच पाना लावा. जोडचाक असेल तर दोन्ही टायरची हवा काढा. रिमच्या अर्ध्यांना जोडणाऱ्या नटांना वेगळा रंग देऊन ठेवणं हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त सुरक्षेचा उपाय आहे.

हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, लांब होज आणि व्हॉल्व्हला स्वतः धरून राहणारा क्लिप वापरा, आणि चाकाच्या समोर उभं न राहता बाजूला राहा. लॉक रिंग वाकलेली किंवा गंजून पातळ झालेली असेल तर ठोकून बसवू नका, नवी घ्या. सॉलिड आणि प्रेस-ऑन टायर मोठ्या प्रेसशिवाय बसत नाहीत. हातोडा, गॅसकटर आणि पहारीने केलेले प्रयत्न रिम आणि बोटं दोन्ही मोडतात. चढवताना साबणाचं पाणी किंवा टायरचं खास लोशन लावतात. ग्रीस लावलं तर रबर खराब होतं आणि टायर रिमवर घसरतो.

चाक लावल्यावर नट समोरासमोर या क्रमाने, टॉर्क रेंचने, उत्पादकाच्या आकड्यापर्यंत आवळा. पहिल्या पाळीनंतर ते पुन्हा तपासा, कारण रंग आणि गंज दबून नट थोडे सैल होतात. त्याच वेळी टायर आणि रिम दोन्हींवर एका रेषेत खडूची खूण करा. दुसऱ्या दिवशी खुणा एकमेकींपासून सरकलेल्या दिसल्या तर टायर रिमवर फिरतो आहे. गाडी तिथेच थांबवून बसवणाऱ्याला परत बोलवा. खुणा जागेवर असतील तर घेर मोजा, तासाचं मीटर वाचा, दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा आणि गाडी कामाला द्या.